कॅम्पसला आवार म्हणावं की परिसर?

प्रश्न असा आहे: एका विद्यापीठाच्या आधुनिकीकरणाबद्दल वारसातज्ज्ञांनी दिलेल्या सल्ल्याचा मराठी अनुवाद चालू आहे. त्यात 'कॅम्पस' पदोपदी येतं. आवार, परिसर, संकुल यांतलं काय घ्यावं?

एकच शब्द धरून सगळीकडे रेटू नका, एवढं आधी सांगतो.

'आवार' कुंपणापाशी संपतं. 'आवारात गाड्या लावू नयेत' ही पाटी फाटकाबाहेर लागू होत नाही. 'परिसरात' म्हटलं की फाटकासमोरची चहाची टपरी, बसथांबा, रस्त्यापलीकडची झाडं, सगळं आलं. शाळेतल्या 'परिसर अभ्यासा'चा परिसर तरी कुठे भिंतीत मावतो?

मुंबई विद्यापीठाची फोर्टमधली वास्तू डोळ्यांसमोर आणा. इंग्रज वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबईला न येता, इंग्लंडमध्ये बसून तिचे आराखडे केले. प्रेमचंद रायचंद यांनी देणगी देताना मनोऱ्याला आईचं नाव द्यायला सांगितलं. तो राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. टॉवर उभा आहे आवारात, पण खरा दिसतो ओव्हल मैदानावरून. संध्याकाळी तिथे क्रिकेट चालू असतं, गोलंदाज धावत येतो आणि त्याच्या मागे कुर्ल्याच्या पिवळसर दगडाचा तो मनोरा. मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील मार्ग आहे, भिंत आहे, तरी मनोरा मैदानाचाच वाटतो. २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला तोही एकट्या इमारतीला नाही. ओव्हलच्या पूर्वेची व्हिक्टोरियन गॉथिक शैलीतल्या इमारतींची रांग आणि पश्चिमेकडची बहुतांश आर्ट डेको शैलीतली घरं, असा अख्खा समूह त्यात आहे. याला 'परिसर' हाच शब्द शोभतो. (लॅटिनमध्ये 'कॅम्पस' म्हणजे मैदानच. पुण्याचा 'कॅम्प'ही त्याच कुळातला.)

'संकुल' मात्र जपून वापरा. व्यापारी संकुल, क्रीडा संकुल यांमुळे तो रुळलाय, पण संस्कृतात त्याचा अर्थ गच्च भरलेलं, दाटीचं. 'जनसंकुल' आठवा. मोकळी जागा राखा असं सांगणाऱ्या मजकुरात मला तो खटकतो. 'प्रांगण' म्हणजे अंगण. इमारतींमधल्या चौकापुरतं ठीक.

तेव्हा नवी प्रयोगशाळा कुठे बांधावी, झाडं कोणती ठेवावीत, वाहनतळ कुठे असावा, इथे 'आवार' लिहा. तिची उंची किती, रस्त्यावरून जुना मनोरा झाकला जाईल का, हा प्रश्न आला की 'परिसर'. 'टाउनस्केप', म्हणजे इमारती, रस्ते, झाडं मिळून शहराचं जे रूप दिसतं ते, यासाठी 'नगरदृश्य' हा शब्द सुचवला जातो. मला तो कोरडा वाटतो. 'परिसराचं रूप' म्हटलं तर विद्यापीठाच्या शिपायालाही कळेल. नमुना म्हणून एक वाक्य देतो: 'आवारात नवी इमारत बांधताना परिसराचं रूप बिघडू नये.' इथे दोन्ही जागी 'कॅम्पस' घातलं, तर सल्ला नेमका काय आहे हेच वाचणाऱ्याला कळणार नाही.