१६२ मॅचेस खेळून फरक एका मॅचचा: जायंट्स-डॉजर्स २०२१

प्रश्न थोडक्यात असा आहे की बे एरियात नवीन आलोय, ऑफिसातले लोक अजूनही जायंट्सच्या (सॅन फ्रान्सिस्कोची बेसबॉल टीम) २०२१ च्या सीझनबद्दल भरभरून बोलतात, पण त्या वर्षी वर्ल्ड सिरीज (म्हणजे फायनल) तर सोडाच, ते प्लेऑफच्या पहिल्याच सिरीजमध्ये हरले, मग कौतुक कशाचं? आणि १६२ मॅचेस असतात तर एकेका मॅचला किंमत ती काय राहते?

दोन्हीचं उत्तर एकच आहे, आणि ते म्हणजे डिव्हिजन. मी बरीच वर्षं हा खेळ बघतोय आणि माझं स्पष्ट मत आहे की डिव्हिजन जिंकणं हेच बेसबॉलमधलं खरं मोजमाप आहे, ऑक्टोबरमध्ये प्लेऑफला जे होतं ते मजेशीर असतं पण त्यात नशिबाचा वाटा फार मोठा. अर्थात हे ऐकून आमचे प्रतिस्पर्धी डॉजर्सवाले हसतील, हसू देत.

आधी रचना सांगतो, लवकर आटपतो. तीस टीम्स, दोन लीग, प्रत्येक लीगमध्ये तीन डिव्हिजन, प्रत्येकीत पाच टीम्स. जायंट्स नॅशनल लीग वेस्टमध्ये, सोबत लॉस एंजेलिस डॉजर्स, सॅन डिएगो पाद्रेज, कोलोरॅडो रॉकीज आणि ॲरिझोना डायमंडबॅक्स. २०२१ मध्ये आपल्या डिव्हिजनमधल्या प्रत्येक टीमशी १९ वेळा खेळायला लागायचं (आता ते कमी केलंय). डिव्हिजन जिंकली की सरळ पाच मॅचेसच्या सिरीजमध्ये जागा. दुसरे आलात तर फार तर वाईल्ड कार्ड, आणि त्या वर्षी वाईल्ड कार्ड म्हणजे एकच मॅच, आयपीएलच्या एलिमिनेटरसारखी, हरला की घरी. म्हणजे सहा महिने राबून पहिले आलात तर निवांत, आणि एका मॅचने दुसरे आलात तर अख्खा सीझन एका संध्याकाळवर टांगलेला. २०२१ ची सगळी मजा या एका नियमात आहे.

आता सीझनच्या आधीचं चित्र बघा. डॉजर्स २०२० चे वर्ल्ड सिरीज चॅम्पियन, ही डिव्हिजन त्यांनी २०१३ पासून सलग आठ वेळा जिंकलेली, आणि पगाराच्या बाबतीत लीगमधली सगळ्यात महागडी टीम. पाद्रेजनी त्या हिवाळ्यात यू दारविश, ब्लेक स्नेल, जो मसग्रोव्ह असे तीन पिचर (म्हणजे बॉल टाकणारे) आणले आणि फर्नांडो टाटिसला १४ वर्षांचं ३४ कोटी डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट दिलं. सगळे म्हणत होते की रेस या दोघांचीच. जायंट्स २०१७ पासून सलग चार सीझन हरण्यापेक्षा कमी जिंकलेले, म्हातारे होत चाललेले हिरो, आणि कॉम्प्युटरवाल्यांचे अंदाज त्यांना साधारण ७५ मॅचेस देत होते. त्यांनी १०७ जिंकल्या. १८८३ पासूनची ही फ्रँचायझी, न्यूयॉर्कमधली वर्षं धरून, तिचा जुना रेकॉर्ड १०६ चा होता आणि तो १९०४ सालचा! आणि पाद्रेज शेवटी ७९-८३ वर घसरले.

कसं झालं हे? लोक "मॅजिक" वगैरे म्हणतात, मला ते पटत नाही. दोन गोष्टी झाल्या.

पहिली, जुन्या लोकांचं वर्ष लागलं. बस्टर पोझी हा कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखा), २०१०, २०१२, २०१४ या तिन्ही चॅम्पियनशिपमध्ये असलेला, त्याने कोविडमुळे आणि नुकत्याच दत्तक घेतलेल्या जुळ्या मुलींमुळे २०२० चा सीझन खेळलाच नव्हता. ३४ वर्षांचा कॅचर, गुडघे आणि कंबर गेलेली असतात या वयात, एक वर्ष बाहेर बसून येतो आणि .३०४ ची ॲव्हरेज काढतो (म्हणजे दर दहा संधींत तीन हिट), १८ होमरन (आपल्या सिक्ससारखे, बॉल कुंपणापलीकडे) मारतो. त्याला मुद्दाम विश्रांती देत देत ११३ मॅचेस खेळवलं. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला फील्डर) ब्रँडन क्रॉफर्ड, तोही ३४ चा, ज्याला लोकांनी जवळपास मोडीत काढलेलं, त्याने २४ होमरन मारले आणि एमव्हीपीच्या (सर्वोत्तम खेळाडूच्या) मतदानात चौथा आला. ब्रँडन बेल्टने तर फक्त ९७ मॅचेसमध्ये २९ मारले, आणि सप्टेंबरमध्ये जर्सीवर टेपने "सी" चिकटवून स्वतःला कॅप्टन म्हणवून घेत फिरत होता, ज्या टीमला अधिकृत कॅप्टनच नव्हता.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि हिच्याबद्दल कमी बोललं जातं, ती म्हणजे बेंच. टीमचा प्रमुख फरहान झैदी, पाकिस्तानी वंशाचे आईवडील, कॅनडात जन्म, फिलिपीन्समध्ये वाढलेला, एमआयटी आणि मग बर्कलेतून इकॉनॉमिक्समध्ये पीएचडी, आणि गंमत म्हणजे आधी डॉजर्सचाच जनरल मॅनेजर. मॅनेजर (म्हणजे मैदानावरचा कोच) गेब कॅपलर, तोही एकेकाळी डॉजर्सच्या ऑफिसात काम केलेला. ह्यांनी दुसऱ्यांना नको असलेले खेळाडू गोळा केले. लामाँट वेड ज्युनियर मिनेसोटाच्या टीमकडून फेब्रुवारीत एका छोट्याशा ट्रेडमध्ये (खेळाडूंच्या अदलाबदलीत) आला, बातमी कुणी धड वाचलीही नसेल, आणि त्याने नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये इतक्यांदा मॅच वाचवली किंवा फिरवली की लोक त्याला "लेट नाईट लामाँट" म्हणायला लागले. डॅरिन रफ कोरियाच्या लीगमधून परत आलेला. पिचर अँथनी डेस्क्लफानी आणि ॲलेक्स वूड दोघंही आधीच्या वर्षी फॉर्म किंवा दुखापतीमुळे स्वस्तात मिळालेले.

यांना वापरायची पद्धत म्हणजे प्लॅटून. समोर डावखुरा पिचर असेल तर उजवे बॅटर, उजवा असेल तर डावे, कारण विरुद्ध हाताच्या पिचरचा बॉल बॅटरला लवकर आणि नीट दिसतो. समोरच्याने मधेच पिचर बदलला की हे पण बॅटर बदलणार. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या मॅचमध्ये परत येऊ शकत नाही, त्यामुळे बहुतेक मॅनेजर बदली करायला कचरतात, कॅपलर बिनधास्त पाचव्या-सहाव्या इनिंगलाच करायचा. परिणाम, पिंच हिटर (बदली बॅटर) म्हणून येऊन मारलेले १८ होमरन, हा मेजर लीगचा रेकॉर्ड आहे. एकूण २४१ होमरन, तो फ्रँचायझीचा रेकॉर्ड, आणि हे अशा स्टेडियममध्ये जिथे समुद्रावरचा गार वारा आणि उजवीकडची उंच भिंत मिळून चांगले चांगले फटके गिळतात. १६२ मॅचेसच्या रेसमध्ये एक सुपरस्टार मोजक्याच मॅचेस जास्त जिंकून देतो, पण रोस्टरमधला (टीमच्या यादीतला) विसावा-एकविसावा माणूससुद्धा कामाचा असेल तर मे महिन्यातल्या मंगळवारच्या कंटाळवाण्या मॅचेस हातातून जात नाहीत. आणि शेवटी हिशोब त्यांचाच होतो.

उदाहरण देतो. २८ मे, लॉस एंजेलिस, नववी इनिंग बरोबरीत, अल्बर्ट पुहोल्सने असा फटका मारला की मॅच संपलीच होती, पण माईक टॉकमन नावाच्या एका बदली खेळाडूने कुंपणावरून हात घालून बॉल आत ओढला आणि जायंट्स जादाच्या दहाव्या इनिंगमध्ये जिंकले. तेव्हा कुणाला वाटलं होतं की ही एक मॅच ऑक्टोबरमध्ये मोजली जाणार आहे. मग २२ जुलै, तेच स्टेडियम, डॉजर्स ३-२ ने पुढे, नवव्या इनिंगमध्ये दोन आऊट, बेसेस भरलेले, रफने बॅट अर्धी फिरवून थांबवली. अंपायरने ठरवायचं असतं की बॅट पूर्ण फिरली (म्हणजे स्ट्राईक, आणि तीन स्ट्राईक झाले की आऊट) की नाही, आणि याला तेव्हा रिव्ह्यू नव्हता. अंपायर म्हणाला नाही फिरली. वॉक मिळाला (चार चुकीचे बॉल, बॅटर फुकटात पहिल्या बेसवर), बेसेस भरलेले असल्याने एक रन आला, बरोबरी झाली, डॉजर्सचा मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्स भांडून मैदानाबाहेर गेला, आणि पुढचाच बॅटर वेड, दोन रन, ५-३. हा अर्ध्या बॅटचा प्रकार लक्षात ठेवा, पुढे लागेल.

जुलै अखेरीस ट्रेड डेडलाईनला (अदलाबदलीची शेवटची तारीख) जायंट्सनी बॅटर क्रिस ब्रायंट आणला, आणि डॉजर्सनी उत्तर म्हणून पिचर मॅक्स शर्झर आणि बॅटर ट्रे टर्नर दोघांनाही एकाच ट्रेडमध्ये उचललं. शर्झर तिथे ७-० गेला (सात विजय, पराभव शून्य), १.९८ च्या ईआरएने (नऊ इनिंगमागे दिलेले रन). टर्नरने बॅटिंगचं टायटल घेतलं. एवढं करूनही डॉजर्स मागेच, हे त्यांच्या चाहत्यांना किती लागलं असेल बघा.

सप्टेंबरच्या सुरुवातीला दोघं बरोबरीत आले आणि ३ ते ५ तारखेला सॅन फ्रान्सिस्कोत तीन मॅचेस झाल्या. पहिली जायंट्सनी ११ इनिंगमध्ये ३-२ ने घेतली, दुसरी डॉजर्सनी ६-१ ने, तिसरी जायंट्स ६-४. इथून पुढे जायंट्सनी पहिला नंबर सोडला नाही, पण लीड कायम एक-दोन मॅचचं, त्यात २६ सप्टेंबरला कोलोरॅडोत बंट (बॅट न फिरवता बॉल हलकेच टेकवणं) मारायला गेलेल्या बेल्टच्या अंगठ्यावर बॉल बसला आणि अंगठा मोडला. रोज रात्री आपली मॅच संपली की डॉजर्सचा स्कोअर उघडून बसायचं, आणि ते हरतच नव्हते! शेवटच्या सात मॅचेस त्यांनी ओळीने जिंकल्या.

इथे टेबल कसं वाचायचं ते सांगतो, म्हणजे या वर्षी तुम्हालाही कळेल. टेबलात "जीबी" म्हणून रकाना असतो, पहिल्या टीमपेक्षा किती मॅचेस मागे. जिंकलेल्यांतला फरक आणि हरलेल्यांतला फरक यांची बेरीज करून अर्धी करायची. पण मुरलेले लोक आधी हरलेल्या मॅचेसचा रकाना बघतात, कारण न खेळलेली मॅच अजून जिंकता येते, हरलेली परत येत नाही. आणि मॅजिक नंबर (पहिला नंबर पक्का व्हायला आपले विजय आणि त्यांचे पराभव मिळून अजून किती हवेत) म्हणजे १६३ मधून पहिल्या टीमचे विजय आणि दुसऱ्या टीमचे पराभव वजा करायचे. ३ ऑक्टोबर, शेवटचा दिवस, सकाळी जायंट्स १०६-५५, डॉजर्स १०५-५६. म्हणजे १६३ वजा १०६ वजा ५६, उरला एक. आदल्या दिवशी पाद्रेजशी दहाव्या इनिंगमध्ये ३-२ ने हरून जायंट्सनीच हा घोळ करून ठेवलेला.

शेवटच्या मॅचला पिचर लोगन वेब, २४ वर्षांचा. सात इनिंग टाकल्या आणि वर स्वतः होमरन मारला, त्याच्या करियरमधला पहिला. त्या वर्षी नॅशनल लीगमध्ये पिचरला बॅटिंग करावी लागायची, पुढच्या वर्षीपासून ते बंदच झालं, त्यामुळे असलं दृश्य आता बहुतेक दिसणार नाही. ११-४. तिकडे डॉजर्सही जिंकले, म्हणून १०७ आणि १०६.

जुन्या चाहत्यांना हे इतकं का भिडलं त्याला १९९३ पण कारणीभूत आहे. तेव्हा वाईल्ड कार्ड नव्हतं, अटलांटा याच डिव्हिजनमध्ये होती, शेवटच्या दिवशी दोघं १०३ वर होते आणि जायंट्स डॉजर्सकडूनच १२-१ असे हरले. १०३ मॅचेस जिंकून घरी. ती जखम ज्यांनी बघितलीय त्यांच्यासाठी २०२१ म्हणजे परतफेड होती.

ऑक्टोबरबद्दल फार लिहीत नाही. १०६ जिंकलेल्या डॉजर्सना सेंट लुईसविरुद्ध ती वाईल्ड कार्डची एक मॅच खेळावी लागली, नवव्या इनिंगच्या होमरनवर कसेबसे वाचले, आणि मग जायंट्सशी पाच मॅचेसची सिरीज, प्लेऑफमध्ये हे दोघं पहिल्यांदाच समोरासमोर. पाचव्या मॅचला दोघांचे प्लेऑफ धरून १०९-१०९ विजय. नवव्या इनिंगमध्ये डॉजर्सच्या बेलिंजरचा फटका, डॉजर्स २-१, जायंट्सचा शेवटचा बॅटर विल्मर फ्लोरेस, अर्धी बॅट थांबवली, आणि या वेळी अंपायर म्हणाला फिरली, म्हणजे आऊट, मॅच संपली. रिप्ले बघा, माझ्या मते नव्हती फिरली, पण दोन स्ट्राईक आधीच झालेले आणि समोर शर्झर, त्यामुळे पुढे जिंकलेच असते असं मी म्हणणार नाही. त्या वर्षी दोघांमध्ये एकूण २४ मॅचेस झाल्या, १२-१२. आणि वर्ल्ड सिरीज कुणी जिंकली? ८८ मॅचेस जिंकलेल्या अटलांटाने.

डॉजर्स टीम म्हणून जास्त चांगली होती का? कागदावर हो. त्यांचा रनांचा फरक (केलेले वजा दिलेले) अधिक २६९, जायंट्सचा अधिक २१०. मला हा युक्तिवाद दरवेळी ऐकवला जातो. पण ११-१ ने जिंकलात तरी टेबलात एकच विजय मिळतो, आणि अटीतटीच्या मॅचेसमध्ये बेंचवरून योग्य माणूस योग्य वेळी काढणं हा पण खेळच आहे, त्याला नुसतं नशीब म्हणून उडवून लावू नका.

हे टिकलं नाही हेही खरं. पोझीने नोव्हेंबरमध्ये रिटायरमेंट घेतली, मुख्य पिचर केव्हिन गॉसमन टोरांटोला गेला, आणि २०२२ मध्ये बरोबर ८१-८१, तेव्हा डॉजर्स १११. जुन्यांचं वर्ष एकदाच लागतं. पुढे २०२४ मध्ये झैदीला काढून त्याच्या जागी पोझीलाच बसवलं, तो वेगळा विषय आहे, विचारलंत तर लिहीन.

एक बदल लक्षात ठेवा, २०२२ पासून तीन वाईल्ड कार्ड आणि तीन मॅचेसची सिरीज असते, आणि टाय झाला तर जादा मॅच न खेळता आपसातला रेकॉर्ड बघतात. त्यामुळे दुसरं येणं आता तितकं जीवघेणं नाही, आणि माझ्या मते रेसची धार त्यामुळे थोडी बोथट झालीय. तरी सप्टेंबरमध्ये डॉजर्स आले की एक मॅच बघाच, कॅलट्रेनने फोर्थ अँड किंगला उतरलं की स्टेडियम चालत आहे, गाडी नेऊ नका, आणि दुपारी कितीही ऊन असलं तरी जाड जॅकेट घ्या, सातव्या इनिंगपर्यंत दात वाजायला लागतात.