महिलांच्या व्यावसायिक फुटबॉलचं मार्केटिंग खेळाऐवजी दिसण्यावर का केलं जातं?

कारण महिलांचा खेळ 'खेळ' म्हणून विकला जाईल यावर विकणाऱ्यांचाच विश्वास नव्हता. २००४ मध्ये फिफाचे तेव्हाचे अध्यक्ष सेप ब्लाटर यांनी तर महिला खेळाडूंनी आणखी घट्ट शॉर्ट्स घालाव्यात असं सुचवलं होतं. ते वाचून आजही संताप येतो.

दुसरा प्रकार कमी दिसतो, पण मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो: माल बाजारात आणायचाच नाही आणि मग मागणी नाही म्हणायचं. २०२३ च्या विश्वचषकात इंग्लंडची गोलकीपर मेरी अर्प्स हिची जर्सी नाइकेने विक्रीला ठेवलीच नव्हती. अंतिम सामन्यात तिने पेनल्टी अडवली, स्पर्धेतली सर्वोत्तम गोलकीपर ठरली. दीड लाखांहून जास्त लोकांनी ऑनलाइन याचिकेवर सह्या केल्यावर मोजक्या जर्सी विक्रीला आल्या आणि बघता बघता संपल्या. म्हणजे गिऱ्हाईक होतंच, दुकान बंद होतं.

अमेरिकेत आता चित्र बदलतंय. कॅन्सस सिटीत २०२४ मध्ये खास महिला व्यावसायिक संघासाठी बांधलेलं, साडेअकरा हजार आसनांचं स्टेडियम सुरू झालं. तिथे तिकीट विकलं जातं ते सामन्याचं.