फोनवर घेतलेली पॉलिसी ठेवायची की परत करायची?

पुसद तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरी पाच एकर कोरडवाहू वावर आणि गावात लहानसे किराणा दुकान. कापूस विकल्यावर खात्यात पैसे आले आणि त्याच आठवड्यात एका हिंदी बोलणाऱ्या माणसाचा फोन आला. ‘तुमच्या यजमानांच्या जुन्या बंद पॉलिसीचा बोनस अडकला आहे. नवीन पॉलिसी घेतली की तो सुटेल, शिवाय पाच लाखांचे बिनव्याजी कर्ज मिळेल,’ असे त्याने सांगितले. ताईंनी ओटीपी दिला आणि ४८,००० रुपये भरले. १२ दिवसांपूर्वी स्पीड पोस्टाने बॉण्ड आला. त्यात बोनस नाही, कर्जही नाही. दहा वर्षे दरसाल ४८,००० भरायचे आणि विसाव्या वर्षाच्या शेवटी ८,४०,००० मिळायचे, एवढेच आहे. आता तो माणूस म्हणतो, रद्द केले तर सगळे बुडेल. कंपनी खरी आहे, मग पॉलिसी ठेवावी का, असे ताई विचारतात.

ताई, परत करा, आणि याच आठवड्यात करा. असे का म्हणतो ते सांगतो, कारण पुढचे काही दिवस तुम्हाला बरेच फोन येतील आणि तुमचे मन डळमळू नये.

कंपनी खरी असली तरी विक्री खोटी असू शकते. विम्याचे नियमन करणारे प्राधिकरण, म्हणजे इर्डाई, स्वतः कोणाला पॉलिसी विकत नाही आणि बोनसही वाटत नाही. हे त्यांनी जाहीर सूचनांमधून वारंवार सांगितले आहे. एका पॉलिसीचा बोनस सोडवायला दुसरी पॉलिसी घ्यावी लागते, असा कोणताही नियम नाही. यजमानांच्या जुन्या पॉलिसीचे खरेच काही येणे असेल, तर ते त्याच कंपनीच्या शाखेत जुना बॉण्ड दाखवून मिळेल. फोनवर विमा विकणाऱ्यांसाठीही नियम आहेत. कोणत्या कंपनीतर्फे आणि कशासाठी बोलतो आहे हे सुरुवातीलाच सांगायचे, आणि जाहिरातीचा फोन १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरूनच करायचा. वित्तीय संस्थांच्या सेवेच्या फोनसाठी १६०० ची मालिका ठेवलेली आहे. तुम्हाला फोन आला तो साध्या दहा आकडी मोबाईलवरून. त्याचा पुन्हा फोन आला तर सात दिवसांच्या आत १९०९ वर, म्हणजे नकोशा जाहिरात-फोनच्या तक्रारीच्या क्रमांकावर, तक्रार नोंदवता येते. ती जरूर करा, पण तेवढ्याने तुमचे ४८,००० परत येणार नाहीत.

पैसे परत मिळवून देणारा नियम वेगळा आहे. बॉण्ड हातात पडल्यापासून ३० दिवसांत तो न पटल्यास परत करता येतो. यालाच फ्री लूक म्हणतात. या मुदतीत फसवणूक सिद्ध करावी लागत नाही. ‘अटी मान्य नाहीत’ एवढे कारण पुरते. तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचा हप्ता, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च कापून बाकी रक्कम परत मिळते. अर्ज मिळाल्यापासून सात दिवसांत कंपनीने ती द्यायची असते. म्हणजे ‘सगळे बुडेल’ ही धमकी खोटी आहे.

मुदत गेली की मात्र खेळ उलटतो. तुम्ही लिहिले आहे की दुसऱ्या दिवशी कंपनीचा पडताळणीचा फोन येईल, तेव्हा सगळ्याला ‘हो’ म्हणा, असे त्या माणसाने पढवून ठेवले होते. अटी समजल्या का, कर्जाचे वा बोनसचे आमिष दाखवले नाही ना, या प्रश्नांना तुमची उत्तरे रेकॉर्ड झालेली आहेत. ३१ व्या दिवसापासून कंपनी हेच रेकॉर्डिंग पुढे करील. आज त्याचा काहीही अडसर नाही.

आता समजा, आमिषे विसरून नुसती पॉलिसी म्हणून तिच्याकडे पाहिले. एकूण ४,८०,००० भरून विसाव्या वर्षी ८,४०,०००, म्हणजे वर्षाला सुमारे ३.६ टक्के. पोस्टातले पीपीएफ गेली काही वर्षे ७.१ टक्के देत आहे. यजमानांच्या जिवावर विमा आहे फक्त ४,८०,००० चा.

त्याहून मोठी गोष्ट तुम्ही पाठवलेल्या प्रस्ताव अर्जाच्या फोटोत आहे. ‘तंबाखूचे सेवन’ या रकान्यात ‘नाही’ लिहिले आहे, आणि यजमान रोज खर्रा खातात असे तुमच्याच पत्रात आहे. अर्ज भरला त्या माणसाने, पण तुमच्या ओटीपीमुळे तो यजमानांचा जबाब झाला. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पहिल्या तीन वर्षांत महत्त्वाची माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनी दावा नाकारू शकते. ज्या दिवशी तुम्हाला त्या पैशांची सर्वांत जास्त गरज असेल, त्याच दिवशी हा एक शब्द आडवा येईल. आपल्याकडे हे फार घरांत घडू शकते, म्हणून ज्यांनी फोनवर विमा घेतला आहे त्या सर्वांनी बॉण्डसोबतची अर्जाची प्रत आजच उघडून पाहावी.

पुढच्या हप्त्याचाही विचार करा. सोसायटीचे १,४०,००० चे पीककर्ज तुम्ही वेळेवर फेडता, म्हणून डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ते बिनव्याजी पडते. एखाद्या वर्षी बोंडअळी आली, भाव पडला, तर हप्ता आणि सोसायटी एकदमच समोर उभे राहतील. हप्त्यासाठी कर्ज थकले तर ती सवलत जाते. आणि हप्ता थांबवला तर, १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांमुळे पहिल्या वर्षानंतरही काही समर्पण मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यावर परत मिळणारी रक्कम, मिळत असले, तरी ते भरलेल्या रकमेहून बरेच कमी असते.

परत आलेले पैसे आधी सोसायटीसाठी आणि खरिपाच्या बियाण्या-खतासाठी राखा. यजमान ४२ वर्षांचे आहेत, त्यामुळे त्यांच्या बँक खात्यातून प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना घेता येईल. वर्षाला ४३६ रुपये, मृत्यूवर २ लाख. अपघातासाठी सुरक्षा विमा योजनेचे २० रुपये, त्यातही २ लाखांपर्यंत. दोघांचेही करा. मोठा मुदत विमा, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, नंतर पाहू, आणि तेव्हा अर्जात खर्रा लिहायचा.

अर्ज मराठीत, साध्या कागदावर चालेल. अर्जदार यजमान आहेत, म्हणून सही त्यांचीच हवी. ‘पॉलिसी क्रमांक अमुक, बॉण्ड अमुक तारखेला मिळाला. बोनस व बिनव्याजी कर्ज मिळेल असे फोनवर सांगितले होते, बॉण्डमध्ये ते नाही. प्रस्ताव अर्जातील माहितीही चुकीची भरली आहे. अटी मान्य नसल्याने फ्री लूक मुदतीत पॉलिसी रद्द करून रक्कम परत करावी.’ सोबत मूळ बॉण्ड, रद्द केलेला धनादेश आणि ओळखपत्राची प्रत. स्पीड पोस्टाचा लिफाफा फेकू नका, तारखेचा पुरावा तोच आहे. हाच मजकूर कंपनीला ईमेलनेही पाठवा.

शाखेने टाळाटाळ केली तर इर्डाईच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार करा. महिनाभरात निकाल लागला नाही, तर विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारे विमा लोकपाल आहेत. विदर्भासाठी त्यांचे कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही.

दरम्यान त्या माणसाचा फोन आला तर ओटीपी देऊ नका आणि ‘रद्द करण्याचा चार्ज’ म्हणून एक रुपयाही पाठवू नका. शाखेत अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.