दूरची झाडे फिकी का असावीत?

प्रश्न : व्हिडिओ गेमसाठी जंगलाचे दृश्य रचताना प्रत्येक झाड नीट रंगवूनही सारे सपाट का दिसते?

उत्तर : बहुधा आपण जवळच्या आणि दूरच्या झाडांना सारखाच गडदपणा दिला असावा. हवा निळा प्रकाश अधिक विखुरत असल्याने दूरची गडद वस्तू फिकट व निळसर होत जाते आणि तिच्यातील छायाप्रकाशाचा भेदही मावळतो. म्हणून अंतरानुसार दाट होणारे धुके वापरावे आणि त्याचा रंग क्षितिजाजवळच्या आकाशाशी जुळता ठेवावा. (निव्वळ राखाडी धुक्याने दृश्य मळकट होते, असे माझे मत आहे.) दृश्य एकदा कृष्णधवल करून पाहावे; तेव्हा वाट ओळखू आली नाही, तर दोष रंगांचा नसून उजेड-अंधाराच्या मांडणीचा आहे. भडक रंग मात्र खेळाडूला जिथे न्यायचे, तिथेच राखून ठेवावा.