बोल्ट फिरतो आणि पुन्हा मागे येतो

प्रश्न : माझ्या जुन्या मोटारीचे मागचे शॉक अब्सॉर्बर मी घरीच बदलत आहे. खालच्या बोल्टचा नट निघाला, पण बोल्ट बाहेर येत नाही. लांब दांड्याने जोर लावला की तो जरासा फिरतो आणि दांडा सोडताच पुन्हा मागे येतो. तीन दिवस आट्यांवर गंज सोडवणारे तेल सोडत आहे. दांड्याला आणखी लांब पाइप लावून पाहावे का?

उत्तर : पाइप लावू नका. ‘पुन्हा मागे येतो’ ही तुम्ही टिपलेली खूण फार मोलाची आहे, कारण बोल्ट नेमका कोठे जाम झाला आहे ते तीच सांगते. शॉकच्या खालच्या बुशमध्ये, म्हणजे बोल्ट ज्यातून जातो त्या रबरी जोडात, रबराच्या आत एक लोखंडी नळी असते आणि तुमचा बोल्ट तिलाच गंजाने चिकटला आहे. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे दोहोंमधली बारीक फट ठासून भरली आहे. तुम्ही दांडा ओढता तेव्हा बोल्ट आणि नळी मिळून फिरतात, भोवतीचे रबर पिळले जाते आणि तेच त्यांना परत जागेवर आणते. जोर वाढवला तर रबर फाटेल किंवा बोल्टचे डोके तुटेल; बोल्ट मात्र निघणार नाही.

आट्यांवर सोडलेले तेलही त्या नळीपर्यंत पोहोचत नाही. ब्रॅकेट (बुशला दोन्ही बाजूंनी धरणारा गाडीचा लोखंडी भाग) आणि बुश यांच्यामध्ये नखाच्या जाडीची फट दिसेल. ती तारेच्या ब्रशने साफ करून दोन्ही बाजूंनी तेल सोडा आणि रात्रभर मुरू द्या. मग नट बोल्टच्या टोकाशी सपाट येईपर्यंत परत चढवा, म्हणजे आटे चेपणार नाहीत, आणि टोकावर जड हातोड्याचे मोजके, सरळ घाव घाला. मधूनमधून बोल्ट दोन्ही दिशांना फिरवत राहा. गॅसची ज्योत येथे वापरू नका, कारण रबर पेटते, शॉक हे तेल भरलेले बंद भांडे आहे आणि ब्रेकचा होज व इंधनाची टाकीही मागेच असू शकते.

एवढ्यानेही तो हलला नाही, तर माझ्या मते झुंजत बसण्यात अर्थ नाही. शॉक बदलायचाच आहे, तेव्हा बुश वाचवण्याचे कारण उरत नाही. त्याच फटीत करवतीचे पाते घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापा; ग्राइंडरच्या ठिणग्यांपेक्षा करवत बरी. मात्र हे सारे करताना गाडी नुसत्या जॅकवर नव्हे, तर स्टँडवर असली पाहिजे आणि अॅक्सलला खालून स्वतंत्र आधार दिलेला असला पाहिजे. अनेक गाड्यांत अॅक्सलला खाली लोंबू न देण्याचे काम शॉकच करतो, आणि तो सुटताच अॅक्सल खाली येऊन स्प्रिंग निसटू शकते.

नवा बोल्ट त्याच लांबीचा आणि त्याच प्रतीचा घ्या. डोक्यावर 10.9 असेल तर 8.8 चा चालवून घेऊ नका, तो कमी ताकदीचा असतो. नटही नवाच लावा. बोल्टच्या गुळगुळीत भागाला ग्रीसचा पातळ हात द्या, आट्यांना नको, कारण त्याने टॉर्कचे, म्हणजे आवळण्याच्या जोराचे, माप फसते. शेवटचे आवळणे गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच करा. चाके लोंबत असताना आवळलेले रबर गाडी खाली येताच कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते.