मुलाला विचारलंत का?

प्रश्न : मुलाला बारावी सायन्सला ५२ टक्के पडले. घरोघरी फायबर इंटरनेटला मोठा बाजार आहे म्हणतात. पतसंस्थेचं सहा लाखांचं कर्ज काढून त्याला जुळे सोलापूर भागात फ्रँचायझी घेऊन द्यावी का? – एक पालक, सोलापूर

नमस्कार. तुमच्या पत्रात बाजाराबद्दल दोन पानं आहेत आणि मुलाबद्दल एकच ओळ : ‘तो काही बोलत नाही.’ मला काळजी वाटते ती याच ओळीची. कमी मार्कांनी आधीच खाली मान घातलेल्या पोरापुढे वडिलांनी कर्जाचे कागद ठेवले, तर तो ‘नको’ कुठल्या तोंडाने म्हणेल? हप्ते सुरू झाल्यावर तर मुळीच म्हणणार नाही. आधी त्याला विचारा. उत्तराला आठवडा लागला तरी थांबा.

दुसरं म्हणजे, फायबरला मागणी आहे म्हणून तुम्हाला गिऱ्हाईक मिळेलच असं नाही. कंपन्या ‘इतक्या घरांपर्यंत पोचलो’ म्हणतात, तेव्हा दारावरून केबल गेलेली घरंही त्यात मोजलेली असतात. पैसे येतात ते फक्त जोडणी घेतलेल्या घरांतून. तुमच्याच गल्लीतल्या खांबावर किती कंपन्यांच्या केबली लोंबतात, ते मोजा. शिवाय ५जीवर चालणारं, घरापर्यंत केबलच न लागणारं इंटरनेटही त्याच गिऱ्हाइकामागे आहे.

हाताला कसब असलेल्या माणसाला मात्र काम आहे. एका फायबरमधला प्रकाश आठ वाटांत विभागणारे १:८ चे स्प्लिटर दोन टप्प्यांत एकापुढे एक लावले की ऑपरेटरच्या यंत्राच्या एका पोर्टवर ६४ घरं चालतात. पण वाटेत सिग्नल साधारण २८ डेसिबल (डीबी) इतकाच क्षीण झालेला चालतो, आणि त्यातले सुमारे २१ डीबी स्प्लिटरच खातात. उरलेल्या सातांत केबलची लांबी, स्प्लाइस (फायबरचे जोड) आणि कनेक्टर बसवायचे. कुणी हिरवा कनेक्टर निळ्या अडॅप्टरमध्ये खुपसला, तर त्याचं ८ अंश तिरकं टोक सपाट टोकाला नीट टेकत नाही. घरातला सिग्नल राउटरला चालणाऱ्या उणे २७ डीबीएमच्या मर्यादेखाली जातो, राउटरवर लाल दिवा लागतो आणि तक्रारींचे फोन सुरू होतात. सिग्नल मोजणारं पॉवर मीटर लावून हा दोष शोधणारा माणूस कुठल्याही ऑपरेटरला हवा असतो.

बारावी सायन्सवरून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, तो रस्ता उघडा आहेच. मुलाची इच्छा असेल तर आधी सहा महिने एखाद्या ऑपरेटरकडे पगारावर काम करू द्या. क्लीव्हरने फायबर सरळ कापणं, स्प्लाइसिंग, ओटीडीआरचा (केबलमध्ये दोष कुठे आहे ते दाखवणाऱ्या यंत्राचा) आलेख वाचणं शिकू द्या. महिन्यात किती जोडण्या लागल्या, किती तुटल्या, हे त्याने वहीत लिहावं. विजेच्या खांबावर मात्र चढू देऊ नका. फ्रँचायझीचं बोलणं ती वही समोर ठेवूनच करा, आणि तोवर कर्जाच्या अर्जावर सही करू नका.