ॲल्युमिनाला ताणू नकोस

प्रिय मित्रा,

पंपाच्या शाफ्टवर चढवलेली ॲल्युमिनाची (भाजलेल्या सिरॅमिकची) नळी, म्हणजे स्लीव्ह, तिसऱ्यांदा उभी चिरली, आता ९६ टक्के शुद्धतेऐवजी ९९.५ टक्क्यांची मागवू का, असं विचारतोस. नको मागवूस. शुद्धता वाढली की कणांमधला काचेसारखा भाग कमी होतो, त्यामुळे आम्ल-अल्कलीपुढे माल जास्त टिकतो, विद्युतरोध सुधारतो. ठिसूळपणा मात्र जात नाही. दाबलंस तर ॲल्युमिना २००० मेगापास्कलच्याही पुढे सोसतो, वाकवलंस तर एक बाजू ताणली जाते आणि तो ३००-३५० च्या आसपास मोडतो. त्याला दाब दे, ताण देऊ नकोस.

चीर लांबीच्या दिशेने आहे, म्हणजे स्लीव्ह आतून फुगवली गेली. हिशेब का नाही केलास? शाफ्ट ४० मिमी, ३०४ स्टेनलेसचा. १०० अंशांनी तापला की तो ०.०६८ मिमी वाढतो, स्लीव्ह ०.०३२. मधले ०.०३६ मिमी जाणार कुठे? घट्ट बसवलीस तिथेच ती फुटायची ठरली. थंड असताना व्यासावर ०.०६ ते ०.०८ मिमी मोकळीक ठेव आणि दोन्ही टोकांना ओ-रिंगवर, म्हणजे रबरी कड्यांवर, तोल. फिरू नये म्हणून पिन हवीच असेल, तर खाचेचे कोपरे किमान १ मिमी गोल हवेत. खाच भाजण्याआधीच पाडून घे. भाजताना माल १५ ते २० टक्के आटतो, तो हिशेब बनवणाऱ्याला करू दे. भाजल्यावर हिऱ्याच्या चाकाशिवाय काही चालत नाही, आणि घाईने घासलं तर बारीक चिरा मागे राहतात.

पंप कोरडा चालला आणि कोणी एकदम गार पाणी सोडलं, तरी तेच. बाहेरची कातडी आकसू पाहते, आतला गरम भाग तिला आकसू देत नाही, कातडी ताणली जाते. २०० अंशांचा फरक पुरतो. पुन्हा ताणच! मी एकच गोष्ट घोकत बसतो असं लोक म्हणतात, पण घोकल्याशिवाय ही गोष्ट ड्रॉइंगवर उतरत नाही, हेही खरं. कठीण आहे म्हणजे मजबूत आहे, असं धरून चालणारे आजही खूप आहेत. तू त्यांच्यातला नाहीस, म्हणून तर एवढं लिहितोय.

नवी स्लीव्ह आली की दोऱ्याला टांगून लाकडी मुठीने हलकेच वाजव, बाजारात मडकं वाजवून घेतात तशी. खणखणीत वाजली तर ठीक. बद्द वाजली तर परत पाठव. नंतर चिरांत शिरणारा लाल रंग (डाय पेनेट्रंट) लावून १० मिनिटं थांब, पुसून डेव्हलपर, म्हणजे चिरेतला रंग वर ओढणारी पांढरी पूड, मार. केसाएवढी लाल रेघ दिसली तरी ती स्लीव्ह बाद. आणि शाफ्ट तीन जागी मोजून आकडे मला कळव. त्याआधी ऑर्डर टाकू नकोस.